औषधाचा मक्ता व त्याची मुदत

औषधाच्या कुपीची किंमत ऐकून वडील मंडळी कपाळास हात लावतात, हें आमच्या बालवाचकांनीं घरीं पाहिलेंच असेल. त्या किंमतींत पुष्कळदां पेटंटचेंही मोल असतें. पेटंट म्हणजे शोध लावणारास सरकारनें ठराविक मुदतीपुरता दिलेला मक्ता. ही मुदत बहुतेक देशांत अर्जापासून २० वर्षांची आहे. ती सरली, कीं इतरांस तेंच औषध करतां येतें व भाव उतरतो.

साध्या गोळीच्या बाबतींत हें सहज घडतें. ॲस्पिरिनच्या रेणूंत अवघे २१ अणु. परंतु कांहीं औषधें जिवंत पेशींकडून करवून घ्यावीं लागतात. संधिवातावरील ह्युमिरा त्यांपैकीं एक. त्याच्या रेणूंत सुमारें वीस हजार अणु आहेत! एकाच आंब्याचीं कलमें दोन बागांत लावलीं तर गोडींत थोडा फरक पडतो, तसेंच या पेशींचें आहे. म्हणून दुसऱ्या कारखान्यांतील मालास ‘तेंच औषध’ न म्हणतां ‘बायोसिमिलर’, म्हणजे सदृश औषध, म्हणतात. आणि गुणांत वा अपायांत महत्त्वाचा भेद नाहीं हें परीक्षा करून सिद्ध करावें लागतें.

ह्युमिरास अमेरिकेंत २००२ सालीं मान्यता मिळाली. त्याचें मुख्य पेटंट तेथें २०१६ सालीं सरलें, व त्याच वर्षीं ॲमजेन कंपनीच्या सदृश औषधास सरकारी मान्यताही मिळाली. तरी तें विक्रीस आलें २०२३ च्या जानेवारींत! मधलीं सहा वर्षें कोठें गेलीं? मूळ मालक ॲबव्ही कंपनीनें बनविण्याची रीत, मिश्रण, उपयोग अशा बाबींवर आणखी शंभरांहून अधिक पेटंटें मिळविलीं होतीं. थोरल्या दरवाजाचें कुलूप निघालें, तों आंत कुलपांची रांगच! प्रतिस्पर्ध्यांनीं अखेर तडजोड करून थांबणें पत्करलें. शोधकास श्रमाचें फळ मिळावें हें न्याय्यच. पण हा खटाटोप शोधापेक्षां कोटबांधणीचा अधिक, असें आम्हांस वाटतें.

युरोपांत सदृश औषधें २०१८ च्या ऑक्टोबरांतच आलीं, आणि ॲबव्हीस आपला भाव कांहीं ठिकाणीं ८० टक्क्यांपर्यंत उतरवावा लागला. आपल्या देशांत तर अहमदाबादच्या झायडस कॅडिला कंपनीनें २०१४ च्या डिसेंबरांतच, अमेरिकेंतील भावाच्या सुमारें पंचमांशांत, तें विक्रीस आणलें.

अमेरिकेंत स्पर्धा सुरू झाल्यावरही पहिलें वर्षभर बहुतेक रोगी जुन्याच औषधावर राहिले. कारण तेथें कोणत्या औषधाचे पैसे विम्यांतून मिळावयाचे, हें मध्यस्थ कंपन्यांच्या याद्या ठरवितात. सीव्हीएस केअरमार्क या मध्यस्थानें एप्रिल २०२४ पासून आपल्या प्रमुख याद्यांतून ह्युमिरा वगळलें, तेव्हां कोठें सदृश औषधांचा खप झपाट्यानें वाढूं लागला.