दूरस्थ लिनक्स सर्व्हरचे सुरक्षित व्यवस्थापन : ग्रामीण महाविद्यालयांच्या संदर्भात

प्रस्तावना :
गोव्याच्या शिक्षणक्षेत्राला लिनक्स नवे नाही. २००० च्या दशकाच्या आरंभी ‘गोवा स्कूल्स कॉम्प्युटर्स प्रोजेक्ट’ या उपक्रमाने परदेशातून आलेले वापरलेले संगणक शाळांना दिले व त्यांवर लिनक्सचा वापर झाला. आज पेडणे तालुक्यात विर्नोडा येथे, तसेच डिचोली व साखळी येथे महाविद्यालये आहेत. अशा ठिकाणी स्वतंत्र संगणक-व्यवस्थापक नसेल तर सर्व्हरची जबाबदारी प्राध्यापकावर येते. पेडण्यातील सर्व्हर डिचोलीतील घरातून सांभाळताना एखादी आज्ञा चुकली, तर भर पावसात प्रत्यक्ष जावे लागते. परंतु दार सर्वांना उघडे राहिले, तर विद्यार्थ्यांचे गुण, हजेरी व प्रवेश अर्ज परक्या हाती पडतात. म्हणून कोणती पावले उचलावीत याइतकेच ती कोणत्या क्रमाने उचलावीत हेही महत्त्वाचे आहे.

एसएसएच म्हणजे काय? :
पूर्वी दूरच्या संगणकावर काम करण्यासाठी टेलनेट वापरीत. त्यात पासवर्ड उघड्या अक्षरांत जात असे. १९९५ मध्ये फिनलंडमधील हेलसिंकी तंत्रज्ञान विद्यापीठाच्या जाळ्यात पासवर्ड चोरण्याचा प्रकार घडल्यावर तेथील तातू यलोनेन यांनी एसएसएच तयार केले. त्यात सर्व संभाषण सांकेतिक रूपात जाते. १९९९ पासून ओपनएसएसएच ही त्याची मुक्त आवृत्ती उपलब्ध आहे. तथापि एसएसएचचे २२ क्रमांकाचे पोर्ट इंटरनेटवर उघडे असल्यास स्वयंचलित आज्ञावल्या तेथे रात्रंदिवस पासवर्डचे अंदाज लावत राहतात. म्हणून पासवर्डऐवजी किल्लीची जोडी वापरावी. सार्वजनिक भाग सर्व्हरवर ठेवायचा व खाजगी भाग प्राध्यापकाच्या संगणकावर. खाजगी भागालाही स्वतंत्र पासवर्ड द्यावा व तो कोणालाही पाठवू नये.

कामाचा योग्य क्रम :
१) प्रत्येक व्यक्तीचे वेगळे खाते उघडावे. प्रशासकीय कामासाठी ‘सुडो’ वापरावे.
२) किल्लीची जोडी तयार करून सार्वजनिक भाग सर्व्हरवर नोंदवावा.
३) पहिली जोडणी चालू ठेवूनच दुसऱ्या खिडकीतून किल्लीने प्रवेश होतो का ते पाहावे.
४) त्यानंतरच पासवर्डने होणारा प्रवेश व ‘रूट’ खात्याचा थेट प्रवेश बंद करावा. रचनेची फाईल तपासून सेवा नव्याने वाचावयास लावावी व पुन्हा नवी जोडणी करून पाहावी. चूक झाली असल्यास पहिल्या खिडकीतून ती दुरुस्त करता येते.
५) फायरवॉल सुरू करण्यापूर्वी २२ क्रमांकाच्या पोर्टला परवानगी द्यावी. त्याआधी, दहा मिनिटांनी फायरवॉल आपोआप बंद होईल अशी वेळबद्ध आज्ञा देऊन ठेवावी. सर्व ठीक असल्यास ती रद्द करावी.

वायरगार्ड २०२० मध्ये लिनक्सच्या गाभ्यात समाविष्ट झाले. त्याद्वारे खाजगी बोगदा उभारून एसएसएच फक्त त्यातूनच खुले ठेवणे अधिक सुरक्षित ठरते.

नित्य दक्षता :
सेंटओएस ७ या आवृत्तीचे अद्ययावतीकरण ३० जून २०२४ रोजी थांबले. अशा जुन्या प्रणालीवरील सर्व्हर त्वरित बदलावेत. मार्च २०२४ मध्ये ‘एक्सझेड’ या आज्ञावली-संचात लपवलेला चोरदरवाजा आंद्रेस फ्रॉइंड यांना आढळला. एसएसएचच्या प्रवेशाला नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद अधिक लागतो, एवढ्या लहानशा बाबीवरून त्यांनी शोध सुरू केला होता. बारकाईने लक्ष ठेवणाऱ्यालाच असा बदल जाणवतो.

सर्ट-इनच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार शासकीय संस्था व कंपन्या इत्यादींनी विहित सायबर घटनांची माहिती ६ तासांत कळवावी व नोंदी १८० दिवस जपाव्यात, असे आहे. सर्व्हरची दुसरी प्रत वेगळ्या ठिकाणी ठेवावी आणि ती परत वापरता येते का हे वर्षातून किमान एकदा पाहावे. प्राध्यापकाची बदली झाल्यास त्यांची किल्ली त्याच दिवशी सर्व्हरवरून काढावी.

निष्कर्ष :
यांतील बहुतेक साधने मोफत आहेत. गरज आहे ती शिस्तीची व लेखी नोंदवहीची. कोणाकडे किल्ली आहे, शेवटचा बदल कधी झाला, प्रत कोठे आहे, हे नोंदवहीत असल्यास पुढील प्राध्यापकाला सर्व्हर हाती घेणे सोपे जाईल आणि विद्यार्थ्यांची माहितीही सुरक्षित राहील.