मोटारसायकलची बॅटरी कां भरत नाहीं?

आमच्या कृषक बंधूंपैकीं अनेकांच्या दारीं आतां बैलगाडीच्या जागीं मोटारसायकल उभी असते. पहांटे भाजी बाजारांत पोंचविणें, रात्रीं पाळीची वीज आली म्हणजे पंप सुरू करण्यास मळ्यांत जाणें, हीं कामें तिजवरच होतात. अशा वेळीं बटण दाबावें आणि गाडी जागची हलूं नये, म्हणजे होणारी अडचण निराळी सांगावयास नको.

गेल्या पावसाळ्यांत आम्हांवर हाच प्रसंग आला. मिस्त्रीनें बॅटरी बाद ठरवून नवी बसविली. पंधरा दिवसांत तीही उतरली. पुन्हां खर्चांत पडण्यापूर्वीं आम्हीं स्वतः मोजमाप केलें, तेव्हां दोष बॅटरींत नसून एका जळक्या कपलरांत असल्याचें आढळलें. वसूलच खजिन्यांत पोंचत नसेल, तर तिजोरी बदलून शिल्लक कशी वाढावी?

बॅटरी ही केवळ तिजोरी होय. इंजिनाबरोबर चुंबकें फिरतात व त्यांच्या जवळच्या स्थिर कॉइलमध्यें वीज उत्पन्न होते. हें तत्त्व मायकेल फॅरडे यांनीं १८३१ सालीं दाखविलें. ही वीज उलटसुलट वाहणारी असते. तिला एका दिशेची करून तिचा दाब बेतांत ठेवण्याचें काम रेग्युलेटर-रेक्टिफायर करितो. तेथून ती तारा व फ्यूज यांवाटे बॅटरींत जमा होते. या वाटेंत कोठेंही खंड पडला, तर जमा थांबते आणि दिवा, हॉर्न व सेल्फ यांचा खर्च मात्र चालूच राहतो.

तपासणीस एक साधा मल्टीमीटर पुरे. पुढील आंकडे १२ व्होल्टच्या नेहमींच्या शिसें-आम्ल बॅटरीचे आहेत.

प्रथम टर्मिनलांवरील पांढरा-हिरवट क्षार घासून काढावा, नट आवळावे, अर्थिंगची तार व फ्यूज पाहावा. पुष्कळदां दोष येथेंच सांपडतो.

नंतर बॅटरी बाहेरील चार्जरनें पूर्ण भरून कांहीं तास स्वस्थ ठेवावी. तिचा दाब १२.६ ते १२.८ व्होल्ट असावा. सेल्फ मारतांना तो ९.६ च्या खालीं गेला, तर मात्र बॅटरीच क्षीण झाली असें समजावें.

बॅटरी ठीक असल्यास इंजिन मध्यम वेगानें चालवून टर्मिनलांवर दाब मोजावा. तो बहुधा १३.८ ते १४.५ पर्यंत चढला पाहिजे. चढत नसेल, तर भरणा होत नाहीं. तो १५ च्याही वर गेला, तर रेग्युलेटर बिघडला असून बॅटरीचें पाणी आटून जाईल.

भरणा होत नसल्यास कॉइल पाहावी. बहुतेक तीन फेजच्या गाड्यांत तिजपासून तीन पिवळ्या तारा निघतात. इंजिन बंद करून कपलर सोडवावा व त्याच्या पिना काळ्या पडल्या आहेत काय, हें पाहावें. कोणतीही पिवळी तार इंजिनच्या धातूशीं जोडलेली दिसतां कामा नये. मग इंजिन सुरू करून दोन-दोन तारांमधील ए. सी. दाब मोजावा. तिन्ही जोड्यांचा आंकडा जवळजवळ सारखा असावा व वेगाबरोबर वाढावा. या तारांस हात लावूं नये. वेगांत झटका बसतो.

कॉइल निर्दोष ठरल्यास कपलर पुन्हां जोडून, इंजिन चालू असतां रेग्युलेटरच्या धन तारेपासून बॅटरीच्या धन टर्मिनलपर्यंत किती दाब गळतो तें मोजावें. तो ०.३ व्होल्टहून बराच अधिक असेल, तर मधली तार किंवा जोड सदोष आहे. अर्थिंगची बाजूही अशीच तपासावी. हें सर्व ठीक असेल तरच रेग्युलेटर बदलावा.

इंजिन चालू असतां बॅटरी कधींही सोडवूं नये. त्यानें विजेचीं इतर उपकरणें जळतात. बॅटरीजवळ विडी किंवा ठिणगी नको, कारण भरतांना तींतून ज्वालाग्राही हायड्रोजन निघतो. पाणी घालावयाच्या बॅटरींत विहिरीचें पाणी न घालतां डिस्टिल्ड वॉटरच घालावें.

जमीन घेण्यापूर्वीं आपण मोजणी करवितों. बॅटरीच्या बाबतींतही बंधूंनीं हाच क्रम ठेवावा: आधीं मोजणी, मग खरेदी.