राळ, कापूर आणि बाटलीतले तेल

एखाद्या पुढाऱ्यावर टीकेची राळ उडाली, असे आपण सहज म्हणून जातो. पण ही राळ म्हणजे काय, असे घरातल्या मुलाने विचारले तर पंचाईत होते. विष्णुदास भाव्यांच्या नाटकांत ‘अललडुर्र’ अशी आरोळी ठोकीत राक्षस येई, तेव्हा मशालीवर राळेची पूड फेकून भडका उडवीत. शालवृक्षाच्या चिकाला राळ म्हणतात, तशीच चीड म्हणजे पाइनच्या चिकातून तेल काढल्यावर उरणाऱ्या पिवळसर, ठिसूळ पदार्थालाही. ते तेल म्हणजे टर्पेंटाइन.

आमच्या जालना जिल्ह्यातल्या पिंपळगाव रेणुकाईकडे चिडाचे झाड औषधालाही सापडायचे नाही. टर्पेंटाइन मात्र साऱ्यांच्या ओळखीचे. पोळ्याला बैलांची शिंगे रंगवताना ऑइलपेंट त्यात पातळ करायचा, आणि पोराचे पोट फुगले की गरम पाण्यात त्याचे थेंब टाकून शेक द्यायचा. दोन्ही कामांना बाटली एकच!

जहाजे लाकडाची होती तेव्हा फळ्यांच्या सांधी बुजवायला चिडाच्या चिकाला आणि डांबराला सोन्याचे मोल होते. अमेरिकेत त्यासाठी बुंध्यातच कुऱ्हाडीने खोबण पाडीत. झाड दुबळे होई आणि वाऱ्याने मोडे, नाही तर वणव्यात जळे. फ्रान्समध्ये पिएर ह्युग याने 1844 साली जस्ताची पन्हळ आणि खाली भांडे अशी सोपी युक्ती काढली. आपल्या ताडी काढणाऱ्याला ती सांगितली असती तर तो हसलाच असता. अमेरिकेला मात्र हे शहाणपण सुचायला चार्ल्स हर्टी या रसायनशास्त्रज्ञाची, म्हणजे विसाव्या शतकाची, वाट पाहावी लागली.

आपल्याकडे हिमालयातील चिडाला अशीच भांडी लागली. बरेलीजवळ क्लटरबकगंजला 1920 च्या दशकात मोठा कारखाना निघाला. तो आता बंद आहे. हिमाचलात नाहन व बिलासपूरला हे काम चालत आले. शंभर किलो चिकातून सुमारे सत्तर किलो राळ आणि पंधरा-वीस किलो तेल निघते. पुढे खोल घावाऐवजी सालीवर बारीक तिरप्या रेघा ओढून सौम्य आम्ल फवारण्याची रीत आली. झाडाला तेवढाच दिलासा.

आणि कापूर? पूर्वी तो फॉर्मोसाच्या कापूरवृक्षांपासून येई, आणि त्यावर जपानचा मक्ता असे. आज आरतीच्या तबकात जळतो तो बहुधा टर्पेंटाइनपासूनच केलेला. देव रागावल्याचे ऐकिवात नाही.

सातपुड्याच्या उघड्या टेकड्यांवरची साळईसुद्धा टर्पेंटाइनसारखे तेल देते; पण तिच्या चिकात डिंकही असतो, त्यामुळे ते वेगळे काढणे जिकिरीचे.

आता त्या बाटलीकडे वळू. हार्डवेअरच्या दुकानात ‘टर्पेंटाइन’ म्हणून मिळते ते आज पुष्कळदा चिडाचे नसतेच. ते खनिज तेलापासून निघते. रॉकेलचे भावंडच म्हणा ना. आजीच्या शेकातले तेल आणि हे तेल एक नव्हे. त्यातून चिडाचे अस्सल तेलही कोवळ्या कातडीवर फोड आणते. दोहोंपैकी कोणतेही मुलाच्या पोटात गेले तर त्याला ओकारी काढायला लावू नये, कारण ओकताना तेल फुप्फुसात शिरते. तडक डॉक्टर गाठावा, आणि बाटली बरोबर न्यावी.

आमच्या घरी ती आता औषधांच्या फळीवरून गोठ्याच्या वरच्या कोनाड्यात गेली आहे, रंगाच्या डब्याशेजारी.