आजारपणातल्या घराची वही

आमच्या घरी अल्ताराखालच्या खणात निळ्या कव्हरची एक दोनशे पानी वही आहे. तिच्यात पप्पांच्या औषधांची बिलं, रिक्षाचं भाडं, मम्मीच्या शिवणकामाचे पैसे, सगळं तारखेनिशी लिहिलेलं आहे. मंडळाच्या या अंकासाठी माझ्याकडे कथा मागितली होती. पण गेल्या वर्षभरात वर्गातल्या तिघांनी मला एकच प्रश्न विचारला, "तुमच्या घरी पैशाचं कसं जमवलं गं?" कुणाची आई केमोथेरपी घेतेय, कुणाच्या भावोजींना अर्धांगवायू झालाय. म्हणून कथा राहू दे म्हटलं आणि ही वहीच समोर ठेवली.

दोन वर्षांपूर्वी पप्पांच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्याचं कळलं. पप्पा उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत कामाला, मम्मी घरी ब्लाउज आणि फ्रॉक शिवते, मी कॉलेजात. आजार पप्पांचा, पण घर चालवायचं काम एका रात्रीत मम्मीच्या अंगावर आलं. नवऱ्याची सेवा आणि घराचा हिशोब ही दोन्ही कामं एकाच माणसानं, एकाच वेळी कशी करायची, त्याबद्दल हा लेख आहे. यातले बरेच धडे आम्ही चुकून शिकलो. तुम्ही न चुकता शिकावं एवढीच इच्छा.

'मोफत' म्हणजे किती?

किडनीचं काम रक्त गाळायचं आणि जादा पाणी बाहेर टाकायचं. ते थांबलं की यंत्रानं करावं लागतं, तेच डायलिसिस. बहुतेक रुग्णांना आठवड्यातून दोन किंवा तीन वेळा जावं लागतं आणि एका वेळेला साधारण चार तास लागतात. पप्पांना तीन वेळा, म्हणजे महिन्याला तेरा फेऱ्या.

पप्पांचं डायलिसिस ईएसआयमधून होतं, त्यामुळे यंत्राचे पैसे द्यावे लागत नाहीत. ऐकणारा म्हणतो, "मग फुकटच की!" आता वहीतलं एक पान बघा. जाताना-येताना रिक्षा २०० रुपये, तेरा फेऱ्यांचे २,६००. (डायलिसिसनंतर माणूस इतका गळून जातो की बसमध्ये उभं राहणं जमत नाही.) दोघांचा चहा-नाश्ता ६० रुपये, त्याचे ७८०. मम्मी बरोबर जाते म्हणून महिन्याला आठ-एक ब्लाउज कमी शिवून होतात, त्याचे २,००० बुडाले. बेरीज ५,३८० रुपये. हा झाला मोफत उपचाराचा महिन्याचा खर्च, आणि यात दवाखान्यात न मिळालेली, बाहेरून घ्यावी लागलेली औषधं नाहीत.

मोठ्या बिलाची भीती सगळ्यांनाच असते. पण घर पोखरतं ते या छोट्या आणि न आलेल्या पैशांमुळे. त्यामुळे आजारपणाचा हिशोब लिहिताना दोन रकाने करा. एका रकान्यात 'गेलेले' पैसे आणि दुसऱ्यात 'न आलेले' पैसे. मम्मीनं दुसरा रकाना सुरुवातीला केलाच नव्हता. स्वतःच्या बुडालेल्या मजुरीला ती खर्च मानतच नव्हती.

राजीनामा देऊ नका

पहिल्याच आठवड्यात पप्पांनी राजीनामा लिहून ठेवला होता. "काम होत नाही तर खुर्ची अडवून कशाला बसायचं?" हे त्यांचं म्हणणं. त्यांच्याबरोबर काम करणारे एक काका भेटायला आले, त्यांनी तो कागद वाचला आणि घडी घालून आपल्याच खिशात टाकला. म्हणाले, "राजीनामा नको रे बाबा, आजारी रजा टाक."

त्या एका कागदावर आमचं पुढचं सगळं अवलंबून होतं. महिन्याला २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेले कामगार ईएसआयमध्ये येतात. कामगाराच्या पगारातून ०.७५ टक्के कापतात आणि मालक ३.२५ टक्के भरतो. त्या बदल्यात उपचार तर मिळतातच, शिवाय वर्गणीची अट पूर्ण असेल तर आजारपणात पगाराच्या ७० टक्के भत्ता वर्षाला ९१ दिवसांपर्यंत मिळतो. कर्करोग, क्षय, किडनी निकामी होणं अशा ३४ दीर्घ आजारांची एक यादी आहे. दोन वर्षं नोकरी झालेली असेल तर या आजारांत ८० टक्के दरानं भत्ता पुढे दोन वर्षांपर्यंत वाढवून मिळू शकतो. आजारपणाचा भत्ता चालू असताना मालकानं कामगाराला काढू नये, असंही १९४८ च्या ईएसआय कायद्यात लिहिलेलं होतं. आपण होऊन नोकरी सोडली की हे सगळं गुंतागुंतीचं होऊन बसतं.

ईएसआय नसेल तर रेशनकार्ड बाहेर काढा. आपल्याकडे 'आयुष्मान भारत – आरोग्य कर्नाटक' योजनेत बीपीएल कार्ड असलेल्या कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार मिळतात. एपीएल असेल तर ठरलेल्या दराच्या ३० टक्के, वर्षाला दीड लाखापर्यंत. पण तातडीची वेळ सोडली तर आधी सरकारी दवाखान्यात जाऊन तिथलं रेफरल पत्र घ्यावं लागतं. खाजगी दवाखान्यात भरती होऊन मग पत्राला धावणारी माणसं मी डोळ्यांनी बघितली आहेत.

एक फाईल करा. आधार, रेशनकार्ड, ईएसआय कार्ड, पीएफचा यूएएन नंबर, विम्याची पॉलिसी, बँकेचं पासबुक, सगळे रिपोर्ट तारखेप्रमाणे. प्रत्येकाच्या पाच झेरॉक्स. मूळ कागद कुणाच्याही हातात सोडू नका, दाखवा आणि परत घ्या. पीएफमधूनही आजारपणासाठी पैसे काढता येतात, ते लक्षात असू द्या.

एक पिन आणि पन्नास हजार

आता आमची सगळ्यात मोठी चूक. सांगायला मम्मीची परवानगी घेतली आहे.

पप्पांना पहिल्यांदा त्रास झाला तेव्हा रात्री अकरा वाजता जवळच्या एका खाजगी दवाखान्यात न्यावं लागलं. तिथं पन्नास हजार डिपॉझिट मागितलं. पप्पांच्या खात्यात बासष्ट हजार होते. पण खातं त्यांच्या एकट्याच्या नावावर, एटीएमचा पिन त्यांनाच ठाऊक, मोबाईलला लॉक, आणि पप्पा शुद्धीवर नाहीत. मम्मीनं ओळखीच्या एकाकडून शेकडा पाचनं पन्नास हजार उचलले.

शेकडा पाच म्हणजे शंभराला महिन्याला पाच रुपये. ऐकायला केवढंसं वाटतं! वर्षाला ते ६० टक्के होतं. पन्नास हजारांवर महिन्याला २,५०० रुपये नुसतं व्याज, मुद्दल तिथल्या तिथं.

पप्पा घरी आले, पण ईएसआयचा भत्ता सुरू व्हायला कागदांमुळे तीन महिने गेले. तोवर खात्यातले पैसे घरखर्चात संपले. पप्पा दिवसदिवस भिंतीकडे तोंड करून पडलेले असायचे, म्हणून मम्मीनं कर्जाचं त्यांना सांगितलं नाही. मलाही नाही. दर महिन्याचे अडीच हजार ती वहीत 'किराणा' म्हणून लिहायची.

दहा महिन्यांनी एका रविवारी मिस्साहून आल्यावर पप्पांनी सहज वही उघडली. त्यांना दूध मोजून, पाणी मोजून, केळं बंद, शहाळं बंद. त्यांनी किराण्याचा आकडा दोनदा वाचला आणि विचारलं, "अगं, आपण तिघं एवढं खातोय काय?" मम्मी रडायलाच लागली. तोवर व्याजाचे पंचवीस हजार गेले होते आणि पन्नास हजार तसेच उभे होते.

पप्पा त्या दिवशी रागावले, पण कर्जासाठी नाही. म्हणाले, "माझी किडनी गेलीय, डोकं गेलेलं नाही. मला का नाही सांगितलंस?"

मला वाटतं, या लेखातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तेच. आपण आजारी माणसाला जपायचं म्हणून पैशाचं त्याच्यापासून लपवतो. त्यानं तो वाचत नाही, एकटा पडतो. आणि लपवणाराही एकटा पडतो. लग्नात दोघांनी आजारपणातही साथ द्यायचं वचन घेतलेलं असतं. साथ द्यायची तर काय चाललंय ते दोघांना माहीत हवं ना?

कुठले पैसे आधी, कुठले शेवटी

दुसऱ्या दिवशी मम्मीच्या चार बांगड्या बँकेत ठेवून सोनेतारण कर्ज घेतलं आणि सावकाराचे पैसे तोंडावर मारले. हिशोब सोपा आहे. बँकेचा दर समजा वर्षाला १२ टक्के धरला, तरी पन्नास हजारांवर महिन्याला ५०० रुपये व्याज होतं. अडीच हजार कुठे आणि पाचशे कुठे! हे दहा महिने आधी केलं असतं तर वीस हजार वाचले असते.

त्यातून आम्ही एक क्रम ठरवला. आधी बचत आणि पिग्मी. (पिग्मी आपल्या कर्नाटकाचीच, सिंडिकेट बँकेनं १९२८ मध्ये सुरू केलेली. घरोघरी येऊन रोजचे थोडे पैसे नेणारा एजंट अजून आमच्या गल्लीत येतो.) मग मुदत ठेव किंवा एलआयसी पॉलिसी मोडण्याऐवजी तिच्यावर कर्ज. मग सोनेतारण. त्यानंतर सोसायटीचं किंवा बँकेचं वैयक्तिक कर्ज. शेकडा पाच या यादीत कुठेच नाही. आणि पप्पांचा आरोग्य किंवा आयुर्विमा असेल त्याचा हप्ता चुकवायचा नाही, कारण आजार सुरू झाल्यावर नवी पॉलिसी मिळणं फार अवघड असतं.

खात्याचं पण करून टाका. नवरा-बायकोचं एक तरी खातं दोघांच्या नावावर, 'आयदर ऑर सर्व्हायव्हर' पद्धतीचं असू दे, म्हणजे दोघांपैकी कुणीही पैसे काढू शकतं. नॉमिनी नेमला म्हणजे झालं, असं समजू नका. खातेदार जिवंत असताना नॉमिनीला पैसे काढता येत नाहीत. आमच्यासारख्या रात्री नॉमिनीचा काही उपयोग नसतो. "असलं काय बोलायचं, अशुभ!" म्हणून आपण टाळतो. पण हे बोलणं माणूस जगावा म्हणूनच लागतं.

रविवारचा अर्धा तास

आता दर रविवारी जेवणं झाल्यावर दोघं अर्धा तास वही घेऊन बसतात. तीनच प्रश्न असतात. या आठवड्यात किती गेले? पुढच्या आठवड्यात काय येणार? आणि कुणाचं काय राहिलंय? अर्धा तास झाला की वही बंद. बाकीचे सहा दिवस पैशावरून कुणी कुणाला टोचायचं नाही.

कामंही वाटून घेतली आहेत. डायलिसिसला पप्पांच्या एका हातात सुया असतात, पण दुसरा हात मोकळा असतो. त्या चार तासांत ते मोबाईलवरून विजेचं बिल भरतात, ईएसआयच्या कार्यालयाला फोन करतात, कुठलं औषध संपत आलंय त्याची यादी करतात. डॉक्टरांना विचारून काही औषधं जनऔषधी केंद्रातून घ्यायला लागलो, तोही शोध पप्पांचाच. (विचारल्याशिवाय मात्र औषध बदलू नका.) घरात आपला उपयोग आहे हे कळल्यावर त्यांचं भिंतीकडे तोंड करून पडणं हळूहळू कमी झालं.

मदतीचंही शिकलो. लोक म्हणतात, "काही लागलं तर सांगा हं." आधी मम्मी नुसतं हसायची. आता ती नेमकं काम सांगते. शेजारच्या अंकलना म्हणते, "गुरुवारी सोडाल काय दवाखान्यापर्यंत?" एका फेरीचे शंभर रुपये वाचतात आणि अंकलनाही बरं वाटतं. मदत केलेल्याचं नाव वहीच्या शेवटच्या पानावर लिहितो.

वहीत अजून एक ओळ आहे, ती मी घालायला लावली. 'मम्मी – ३०० रुपये.' तिचा चष्मा वर्षभर राहिला होता, बीपीच्या गोळ्या ती एक दिवसाआड घ्यायची. सांभाळणारा माणूस पडला तर घर दोनदा पडतं. म्हणून ते तीनशे रुपये रिक्षाइतकेच पक्के.

नवं पान

गेल्या महिन्यात वहीत नवीन पान सुरू झालंय, 'ऑपरेशन.' मम्मीला पप्पांना किडनी द्यायची आहे. अवयव प्रत्यारोपणाच्या १९९४ च्या कायद्यात नवरा-बायको जवळच्या नात्यात धरले जातात. पप्पा आधी नकोच म्हणत होते. आता तपासण्या चालू आहेत, जुळेल की नाही माहीत नाही.

पण वहीनं एक गोष्ट आधीच दाखवून दिली. मम्मीचं ऑपरेशन झालं तर काही आठवडे तिचं मशीनही बंद राहणार, म्हणजे दोघांची कमाई एकाच वेळी थांबणार. म्हणून त्या पानावर पहिली ओळ ऑपरेशनच्या खर्चाची नाहीच. पप्पांच्या अक्षरात लिहिलंय, 'हिच्या विश्रांतीचे तीन महिने.' खाली पिग्मीचे पहिले ६०० रुपये जमा आहेत.