नगरसेवकास आमदार कशासाठी व्हावयाचे आहे?

जानेवारी २०२६ मध्ये महाराष्ट्रातील २९ महापालिकांच्या निवडणुका एकदाच्या पार पडल्या. त्यांपैकी बहुतेक शहरांत तीन वर्षांहून अधिक काळ लोकनियुक्त सभागृहच अस्तित्वात नव्हते. मुंबईचा कारभार तर मार्च २०२२ पासून प्रशासकाच्या हाती होता. नळाला पाणी आले नाही किंवा गटार तुंबले, तर नागरिकाने दाद मागावी कोणाकडे, याला उत्तर नव्हते. ते उत्तर आता पुन्हा मिळाले आहे. परंतु निवडणुकीचा गुलाल कपाळावरून पुसला जाण्यापूर्वीच चौकाचौकांतील फलकांवर ‘भावी आमदार’ ही अक्षरे झळकू लागावीत, हा आमच्या शहरांचा जुनाच अनुभव आहे. विधानसभेची पुढील निवडणूक २०२९ साली व्हावयाची आहे. मधल्या काळात वॉर्डाने काय करावयाचे? आपला नगरसेवक शिडीच्या वरच्या पायरीकडे पाहत उभा आहे, एवढ्याच समाधानावर दिवस कंठावयाचे काय?

महत्त्वाकांक्षा हा गुन्हा आहे असे आम्ही मानीत नाही. नगरपालिकेत काम केलेल्या माणसाने कायदेमंडळात जावे, ही तर आपल्या सार्वजनिक जीवनाची थोर परंपरा आहे. मुंबई महापालिकेच्या इमारतीसमोर ज्यांचा पुतळा उभा आहे, ते सर फिरोजशहा मेहता या शहराचा कारभार इंचाइंचाने जाणत होते. म्हणूनच १८८८ च्या मुंबई महापालिका कायद्याच्या घडणीवर त्यांचा ठसा उमटला. वल्लभभाई पटेल हे देशाचे सरदार होण्यापूर्वी १९२४ ते १९२८ या काळात अहमदाबाद नगरपालिकेचे अध्यक्ष होते. महात्मा जोतीराव फुले पुण्याच्या नगरपालिकेचे सभासद असताना, १८८० साली, लॉर्ड लिटनच्या स्वागतावर होणाऱ्या खर्चाला त्यांनी विरोध केला. तो पैसा शिक्षणाकडे वळावा असे त्यांचे म्हणणे होते. व्हाइसरॉयच्या स्वागताला विरोध करण्यास जे धैर्य लागते, ते कोणत्या सभागृहात दाखविले यावर त्याची किंमत ठरत नाही.

आणि गोपाळ कृष्ण गोखले? त्यांचे उदाहरण आजच्या ‘भावी आमदारां’नी मुद्दाम ध्यानात ठेवावे. १८९९ साली ते मुंबईच्या कायदे कौन्सिलात गेले. १९०२ साली कलकत्त्याच्या वरिष्ठ कौन्सिलात त्यांनी अंदाजपत्रकावर जे पहिले भाषण केले, त्याने सरकारी बाकेही हादरली. त्याच दशकात हेच गोखले पुणे नगरपालिकेचे अध्यक्षपद सांभाळीत होते. साम्राज्याच्या अंदाजपत्रकाची चिरफाड करणाऱ्या माणसाला पुण्याच्या रस्त्यांचा आणि पाण्याचा हिशेब तपासण्यात कमीपणा वाटला नाही. त्यांच्या लेखी नगरपालिका ही शिडीची खालची पायरी नव्हती. ते काम होते, आणि काम म्हणून ते मोठेच होते.

आजच्या उमेदवाराची पात्रता कायद्याने मोजू गेल्यास ती फारच सोपी आहे. राज्यघटनेच्या १७३ व्या कलमाप्रमाणे तो भारताचा नागरिक असावा, त्याचे वय २५ वर्षांहून कमी नसावे आणि त्याने घटनेशी निष्ठेची शपथ घ्यावी. १९१ व्या कलमातील अपात्रता, म्हणजे लाभाचे पद, दिवाळखोरी, वेडेपण इत्यादी, त्याला लागू नसाव्यात. सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ व २००३ सालच्या निर्णयांमुळे आपल्यावरील फौजदारी खटले, मालमत्ता, कर्ज आणि शिक्षण यांचे प्रतिज्ञापत्रही त्याला द्यावे लागते. कायद्याचे विचारणे येथे संपते. त्यापुढचे विचारणे मतदाराचे आहे, आणि नेमके तेच विचारावयास आपण विसरतो.

नगरसेवकपणाच्या अनुभवाने माणूस आमदारकीस लायक होतो काय? आमचे उत्तर असे की, होऊ शकतो. आपोआप होत नाही. स्थायी समितीत बसून ज्याने निविदा मन लावून वाचल्या, अंदाजपत्रकातील तरतूद आणि वर्षअखेर झालेला खर्च यांचा मेळ घातला, आयुक्तांना अडचणीचे प्रश्न विचारले, त्याला सरकारी पैसा कसा वाहतो आणि कोठे मुरतो हे कळते. विधिमंडळाच्या लोकलेखा समितीत बसावयास याहून उत्तम शिक्षण कोणते? परंतु ज्याने पाच वर्षे केवळ बाके, कमानी आणि स्वतःच्या नावाच्या पाट्या बसविल्या, तो विधानसभेत गेल्यावरही बाके, कमानी आणि पाट्याच बसविणार. आडात नाही ते पोहऱ्यात कोठून येणार?

अनुभवाचे चीज कसे होते, याचे एक उदाहरण महाराष्ट्राच्या डोळ्यांसमोर आहे. आर. आर. पाटील हे सांगली जिल्हा परिषदेत अकरा वर्षे, १९७९ ते १९९०, सावळजचे प्रतिनिधी होते. १९९० साली ते तासगावातून विधानसभेत गेले आणि १९९९ साली ग्रामविकास मंत्री झाले. त्यानंतर २०००-०१ मध्ये संत गाडगेबाबा ग्राम स्वच्छता अभियान सुरू झाले. सचिवालयात बसून गावाची कल्पना करणाऱ्याला सुचेल अशी ती योजना नव्हती. गावाला अनुदानापेक्षा चढाओढ आणि अभिमान अधिक हलवतात, हे ज्याने गावात राहून पाहिले होते, त्यालाच तिची ताकद कळू शकत होती. जिल्हा परिषदेतील अकरा वर्षे तेथे उपयोगी पडली. स्थानिक पदावरून वर जाण्याला याहून चांगले समर्थन आम्हाला ठाऊक नाही.

आता हेतूचा प्रश्न. नगरसेवक म्हणतो, ‘माझ्या हातात काही नाही, सारे मंत्रालयात आहे.’ त्याचे हे म्हणणे खोटे नाही. ७४ व्या घटनादुरुस्तीने १ जून १९९३ पासून नगरपालिकांना घटनेत स्थान मिळाले आणि बाराव्या परिशिष्टात १८ विषयांची यादी आली. परंतु यादी आली म्हणजे अधिकार आले असे नव्हे. महापालिकेचा कार्यकारी अधिकार आयुक्ताकडे, आणि आयुक्ताची नेमणूक राज्य शासनाकडे. महापौराला मान आहे, गाडी आहे, बंगलाही असेल; कार्यकारी सत्ता मात्र नाही. शहराच्या विकास आराखड्याला अंतिम मंजुरी राज्य शासनाची. मुंबईचा जकात कर १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कराबरोबर गेला, आणि त्याच्या जागी राज्याकडून येणाऱ्या भरपाईकडे डोळे लावून बसणे महापालिकेच्या वाट्याला आले. अशा स्थितीत शहराचे भले करू इच्छिणाऱ्या प्रामाणिक नगरसेवकाला विधानसभेत जावेसे वाटले, तर तो हेतू सर्वस्वी रास्त म्हटला पाहिजे.

पण गंमत अशी की, अप्रामाणिक नगरसेवकालाही नेमक्या त्याच कारणांसाठी तेथे जावयाचे असते! ज्या आराखड्याची मंजुरी मंत्रालयात होते, त्याच आराखड्यातील बागेचे वा शाळेचे आरक्षण उठविण्याची वाटही तेथूनच जाते. ज्या आयुक्ताची नेमणूक राज्य शासन करते, त्याची बदलीही राज्य शासनच करते. सत्तेचे केंद्र एकच, पण तेथे जाणारा एक जण दार उघडावयास जातो आणि दुसरा किल्ली खिशात घालावयास. दोघांचे जाहीरनामे सारखेच असतात. ‘शहराचा सर्वांगीण विकास’ हे शब्द दोघांच्याही ओठांवर असतात. मग मतदाराने हेतू ओळखावा तरी कसा?

आमच्या मते हेतू भाषणातून कळत नाही, मागील कामातून कळतो. त्यासाठी मतदाराने ‘भावी आमदारा’ला चार साधे प्रश्न विचारावेत. पहिला प्रश्न: सभागृहाच्या किती सभांना आपण हजर होता, आणि तेथे कोणते प्रश्न विचारले? इतिवृत्ते लपून राहत नाहीत. दुसरा प्रश्न: आपल्याच पक्षाच्या ठरावाला लोकहितासाठी आपण कधी विरोध केला काय? ज्याने वॉर्डातील चार माणसांच्या कोपाला भिऊन मान डोलावली, तो मुख्यमंत्र्यांसमोर मान ताठ ठेवील हे संभवत नाही. तिसरा प्रश्न: महापालिकांना अधिकार मिळावेत म्हणून आपण विधानसभेत कोणता कायदा बदलू इच्छिता? या प्रश्नावर बहुतेक उमेदवार गडबडतील. कारण आमदार होणे म्हणजे मोठा नगरसेवक होणे, अशीच त्यांची समजूत असते. चौथा प्रश्न: पहिल्या निवडणुकीच्या वेळी दिलेले प्रतिज्ञापत्र आणि आजचे प्रतिज्ञापत्र यांतील मालमत्तेच्या आकड्यांत जे अंतर पडले, ते कोणत्या उत्पन्नातून?

तिसऱ्या प्रश्नाविषयी थोडे अधिक बोलणे अवश्य आहे. आमदाराचे काम कायदे करणे, राज्याच्या अंदाजपत्रकावर नजर ठेवणे आणि मंत्र्याला जाब विचारणे हे आहे. परंतु आमदारनिधी आल्यापासून आमदारही गल्लीतील फरसबंदी आणि व्यायामशाळांच्या उद्घाटनांत गुंतला. नगरसेवकाचे काम आमदार करतो, आमदाराचे काम अधिकारी करतात, आणि विधेयके गोंधळात, चर्चेविना संमत होतात. जो नगरसेवक आमदार होऊनही नगरसेवकच राहणार, त्याला तेथे पाठविण्यात शहराचा दुहेरी तोटा आहे: वॉर्डातील जागा रिकामी होते, आणि विधानसभेतील जागा भरत नाही.

काही जण दोन्ही जागा एकदम अडवून बसतात. एकाच वेळी आमदार आणि नगरसेवक असलेली माणसे महाराष्ट्राने पाहिली आहेत. संसद आणि विधानसभा यांचे सभासदत्व एकाच वेळी ठेवता येत नाही, मग विधानसभा आणि महापालिका यांचे का ठेवता यावे? फ्रान्समध्ये महापौरपद आणि संसद सदस्यत्व एकत्र भूषविण्याची प्रथा फार जुनी होती. २०१४ साली कायदा करून त्या देशाने ती मोडली, आणि २०१७ पासून ती बंदी अमलात आली. एका माणसाला दोन सभागृहांचे काम नीट करता येत नाही, हे ओळखण्यास फार मोठी विद्वत्ता लागत नाही.

आणखी एक गोष्ट आम्हाला सलते. महाराष्ट्राने २०११ साली स्थानिक संस्थांत स्त्रियांसाठी निम्म्या जागा राखून ठेवल्या. तेव्हापासून हजारो स्त्रियांनी गावांचा आणि शहरांचा कारभार पाहिला, अंदाजपत्रके वाचली, अधिकाऱ्यांशी हुज्जत घातली. अनुभव हीच पात्रता असेल, तर उमेदवारी देताना पक्षांना या स्त्रिया दिसावयास नकोत काय? तथापि २०२४ साली विधानसभेच्या २८८ जागांवर निवडून आलेल्या स्त्रियांची संख्या पंचवीससुद्धा भरली नाही. याचा अर्थ स्पष्ट आहे. शिडीच्या तळाशी पात्रता मोजली जाते ती कायद्याच्या सक्तीने. वर मात्र घराणे, पैसा आणि मनगट यांचाच हिशेब चालतो.

तेव्हा ज्यांना आमदार व्हावयाचे आहे त्यांना आमचे सांगणे एवढेच की, आपण अवश्य व्हा. परंतु आधी चांगले नगरसेवक व्हा. जनतेने दिलेली पाच वर्षे ही पुढल्या निवडणुकीची तालीम नव्हे. आणि मतदारांना आमचे सांगणे असे की, फलकावरील ‘भावी’ या शब्दाला भुलू नका. माणसाचा भविष्यकाळ त्याच्या भूतकाळातच लिहिलेला असतो, आणि तो वाचण्यासाठी ज्योतिषी लागत नाही. सभागृहाचे इतिवृत्त, महापालिकेचे अंदाजपत्रक आणि आपल्या दारासमोरचा रस्ता, एवढी कागदपत्रे पुरेशी आहेत. ती ज्याच्या बाजूने साक्ष देतील, त्याला खुशाल विधानसभेत पाठवा. ज्याच्या विरुद्ध देतील त्याला मात्र विचारा, ‘महाराज, येथे आपण काय केलेत, की तेथे काही कराल असे आम्ही मानावे?’