मे महिन्यातील दिल्ली : दुपारी लू, सायंकाळी वादळ, प्रवासाची पिशवी कशी भरावी?

शाळांना उन्हाळी सुटी लागली की महाराष्ट्रातून अनेक कुटुंबे दिल्लीच्या सहलीस निघतात. उत्तरेकडे ऊन कडक असते हे सर्वांना ठाऊक असल्याने सुती कपडे घेतले जातात आणि तयारी पूर्ण झाली असे मानले जाते. प्रत्यक्षात मे आणि जूनच्या पूर्वार्धातील दिल्लीचे हवामान केवळ उष्ण नसते, ते लहरीही असते. २०२४ च्या २९ मे रोजी सफदरजंग वेधशाळेत ४६.८ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले. त्याच वेधशाळेत पुढच्याच वर्षी मे महिन्यात १८६.४ मिलिमीटर पाऊस झाला व मे महिन्यातील पावसाचा आधीचा विक्रम मोडला गेला. ३० मे २०२२ रोजी तर सायंकाळच्या वादळात सुमारे दीड तासात तापमान ४० अंशांवरून २५ अंशांवर उतरले. झाडे उन्मळून पडली आणि जीवितहानीही झाली.

असे का घडते?

या दिवसांत राजस्थानकडून येणारे कोरडे, तप्त वारे म्हणजेच लू. भूमध्य समुद्राच्या परिसरातून पूर्वेकडे सरकणारे पश्चिमी विक्षोभ अधूनमधून उत्तर भारतावर येतात. त्यांच्यामुळे वरच्या थरांत थंड हवा येते. त्याच वेळी बंगालच्या उपसागराकडून बाष्प आले, तर तापलेल्या जमिनीवरील हवा वेगाने वर चढून गडगडाटी ढग तयार होतात. या ढगांतून पडणाऱ्या पावसाचा काही भाग वाटेतच बाष्पीभूत होतो, त्यामुळे हवा थंड व जड होऊन खाली कोसळते आणि जमिनीवर पसरते. हाच तो धूळ उडवीत येणारा गार झोत, ज्यास दिल्लीकर ‘आँधी’ म्हणतात. पाऊस मागाहून येतो. कधी येतही नाही.

घाम दिसत नाही, म्हणून धोका

मुंबई वा कोकणातील प्रवाशाची फसगत होते ती येथेच. दमट हवेत घाम निथळतो आणि पाणी प्यावयाची आठवण राहते. दिल्लीच्या कोरड्या हवेत तो तत्काळ उडून जातो. अंग कोरडे राहते, परंतु शरीरातील पाणी व क्षार कमी होतच असतात. विदर्भातील वाचकांस हा अनुभव नवा नाही. मैदानी प्रदेशात कमाल तापमान किमान ४० अंश असून ते सरासरीपेक्षा ४.५ अंश वा अधिक असल्यास, किंवा प्रत्यक्ष तापमान ४५ अंशांवर गेल्यास हवामान खाते उष्णतेची लाट मानते. मात्र वृद्ध, लहान मुले, गर्भवती आणि हृदयविकार वा मधुमेहाचे रुग्ण यांना त्याखालील तापमानातही त्रास होऊ शकतो.

कपडे कोणते घ्यावेत?

फिकट रंगाचे, सैल, पूर्ण बाह्यांचे सुती कपडे हा मुख्य आधार होय. उघड्या हातांपेक्षा झाकलेले हात उन्हात कमी तापतात. जाड जीन्स टाळावी. ती उष्णता कोंडते आणि वादळी पावसात भिजल्यास लवकर वाळत नाही. एक जोड पातळ, चटकन वाळणाऱ्या कापडाचा असावा. मेट्रो, वातानुकूलित रेल्वेडबा आणि संग्रहालये यांत बाहेरच्या मानाने गारवा असतो, त्यासाठी प्रत्येकी एक हलकी शाल वा पातळ जाकीट पुरते.

सर्वांत उपयोगी वस्तू म्हणजे आपला साधा पंचा किंवा ओढणी. उन्हात डोके व कान झाकता येतात, धुळीत नाक-तोंड बांधता येते, ओला करून मानेवर ठेवता येतो आणि बंगला साहिब गुरुद्वारात डोक्यावर घेण्यासही तोच चालतो. जामा मशीद, गुरुद्वारा व कमळ मंदिर येथे पादत्राणे काढावी लागतात. दुपारी फरशी पाय भाजण्याइतकी तापते. म्हणून मोजे जवळ ठेवावेत.

छत्री उन्हासाठी जरूर घ्यावी, पण वादळी वाऱ्यात ती उलटते. पावसासाठी घडीचा हलका रेनकोट बरा. भ्रमणध्वनी, तिकिटे आणि ओळखपत्रे यांसाठी प्लास्टिकची एक बंद पिशवी असावी.

हातातील पिशवीत काय असावे?

प्रत्येकाची पाण्याची स्वतंत्र बाटली, क्षार-संजीवनीची पाकिटे, गॉगल आणि नेहमीची औषधे हातातील पिशवीतच असावीत. पाकीट त्यावर लिहिलेल्या प्रमाणातच पाण्यात मिसळावे. पाकीट नसल्यास एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालावे. मधुमेह वा रक्तदाबाच्या रुग्णांनी निघण्यापूर्वी याविषयी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. लघवी कमी होणे की लघवीस जावे लागू नये म्हणून पाणीच न पिणे, यांतील दुसरी चूक महिला प्रवाशांकडून विशेष होते; ती टाळावी. इन्सुलिन उन्हात उभ्या मोटारीत ठेवू नये.

दिवसाची आखणी

उघड्यावरील स्थळे सकाळी लवकर पाहावीत. दुपारी बारा ते चार हा वेळ संग्रहालयासाठी वा विश्रांतीसाठी राखावा. सायंकाळी बाहेर पडण्यापूर्वी हवामान खात्याचा पुढील तीन तासांचा तात्कालिक अंदाज पाहावा. विजांच्या सूचनेसाठी पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने तयार केलेले ‘दामिनी’ हे ॲप उपयुक्त आहे. पश्चिमेकडे आकाश पिवळसर-तपकिरी दिसू लागले की झाड, जाहिरातफलक वा तात्पुरत्या मांडवाखाली न थांबता पक्क्या इमारतीत जावे.

सोबतचा माणूस असंबद्ध बोलू लागला, त्याचा तोल जाऊ लागला किंवा अंग अतिशय तापले, तर तो केवळ थकवा समजू नये. ही उष्माघाताची चिन्हे आहेत. त्याला सावलीत न्यावे, कपडे सैल करावेत, अंगावर गार पाणी ओतून वारा घालावा आणि ११२ क्रमांकावर मदत मागावी. शुद्ध हरपली असल्यास तोंडाने पाणी पाजू नये. अशा प्रसंगी पहिली काही मिनिटे निर्णायक ठरतात. म्हणून पाहावयाच्या स्थळांची यादी अपुरी राहिली तरी चालेल. सोबतच्या वडीलधाऱ्या मंडळींकडे व मुलांकडे मात्र दर तासाला लक्ष द्यावे.