सांबऱ्यात घडणारे उद्याचे सार्जंट

बेळगावहून विमान पकडणाऱ्याला सांबरा म्हणजे फक्त विमानतळ वाटतो. पण तिथेच वायुदलाची एअरमेन ट्रेनिंग स्कूल आहे. अधिकारी नव्हे, हवाई सैनिक घडवणारी. दलातला एक मोठा बदल इथल्या कवायतीच्या मैदानातून गेला.

जून २०२२मध्ये सैन्यभरतीची अग्निपथ योजना जाहीर झाली. सेवा चार वर्षांची, त्यानंतर कायम होणार जास्तीत जास्त २५ टक्के. या योजनेतून वायुदलात आलेल्या अग्निवीरवायूंच्या पहिल्या तुकडीचं प्रशिक्षण त्याच वर्षअखेरीस इथे सुरू झालं. डिसेंबर २०२३मध्ये महिला अग्निवीरांची पहिली तुकडी संचलन करून बाहेर पडली. अधिकारीपदाखालच्या श्रेणीत वायुदलाने महिलांना घेण्याची ही पहिलीच वेळ.

कॉर्पोरल, सार्जंट, वॉरंट ऑफिसर ही शिडी चढायला वर्षं लागतात. विमानाची देखभाल, शस्त्रं, रडार या कामांवरचे अनुभवी प्रमुख याच शिडीवरून येतात. पुढे ते बऱ्याच अंशी या पंचवीस टक्क्यांतून निवडावे लागतील. म्हणून कुणाला ठेवायचं हे ठरवताना कामातल्या कौशल्याइतकंच चार माणसांना सोबत घेऊन जाण्याचं अंगही पाहायला हवं. ते ओळखायला चार वर्षं थोडीच आहेत. त्यामुळे ही पारख प्रशिक्षणापासूनच सुरू व्हायला हवी, आणि सांबऱ्यातल्या उस्तादांवरची, म्हणजे प्रशिक्षकांवरची, जबाबदारी पूर्वीपेक्षा वाढली आहे.